तोरणमाळच्या सहलीला नाव द्यावे का?

दिवाळीचा फराळ संपत आला, पहाटे अंगावर आणखी एक गोधडी ओढावीशी वाटू लागली, की आमच्या शिंदखेड्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक कागद हातोहात फिरू लागतो. ‘तोरणमाळ : एक दिवसाची सहल. पहाटे सहाला प्रस्थान, रात्री आठपर्यंत परत. सोबत माहितगार मार्गदर्शक. चहा, नाश्ता व जेवणासह.’ खाली नावे देण्याची शेवटची तारीख असते. हा कागद घरात आला की पुढचे चार दिवस घराघरांत एकच विषय चालतो. आजी म्हणतात, ‘मला काय करायचे तिथे जाऊन?’ आणि त्याच दमात विचारतात, ‘थंडी फार असते का हो?’ मुलगा म्हणतो, ‘गुडघे बघ आधी.’ सून काहीच बोलत नाही, कारण नेले तरी आणि न नेले तरी निस्तरायचे तिलाच असते.

त्या सुनांपैकी मी एक. माझ्या सासूबाईंना घरात सगळेच ‘माय’ म्हणतात. त्यांचे वय आता ७९. रक्तदाब आहे, पायावर सूज येते म्हणून लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना याच सहलीला नेले होते. ती सहल बिघडली. यंदा पुन्हा कागद घरात आला आहे. आपल्याही घरात असाच एखादा कागद आला असेल, तर त्यावर नाव लिहावे की न लिहावे हे ठरवताना माझ्या चुका आपल्या उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्यांदा जागा समजून घेऊ. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात वसलेले आहे. १९९८ सालच्या १ जुलैला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला; त्याआधी हे सारे आपल्या धुळे जिल्ह्यातच होते. त्यामुळे जुनी माणसे अजूनही ‘आपले तोरणमाळ’ असेच म्हणतात आणि त्यात काही गैर नाही. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ११५० मीटर आहे. आपला तापीकाठ २०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपण एका दिवसात सुमारे ९५० मीटर वर चढतो आणि तेवढेच उतरतो.

या उंचीची धास्ती अनेकांना असते. ‘वर हवा विरळ असते, छातीवर दाब येतो’ असे कट्ट्यावर कोणीतरी ठामपणे सांगतेच. तेवढ्यापुरते मनातून काढून टाकावे. उंचीमुळे होणारा त्रास सहसा २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. तोरणमाळ त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. मात्र गारवा खरा आहे. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे शिंदखेड्यापेक्षा वर सुमारे सहा अंश कमी. उन्हाळ्यात ४४ अंशांत होरपळणाऱ्या आपल्या गावाला हा आकडा औषधासारखा वाटतो. पौषातल्या सकाळी मात्र तोच दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला आवळून धरतो. ज्यांना दमा आहे किंवा जुना धुम्रपानाचा खोकला आहे, त्यांनी नाकातोंडावर सुती रुमाल आणि श्वासाचा पंप हाताशी ठेवावा. हाताशी म्हणजे खिशात. बसच्या टपावर बांधलेल्या पिशवीतला पंप काय कामाचा?

आता रस्ता. शिंदखेड्याहून तोरणमाळ शंभराहून थोडे अधिक किलोमीटर भरते. आधी दोंडाईचा, तेथून सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, मग शहादा. थंडीत या पट्ट्यात पहाटेचे धुके असते, आणि शहाद्याच्या परिसरात साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वेगाला लगाम घालतात. शहाद्यानंतर म्हसावद, राणीपूर, आणि मग घाट. केळी आणि पपईच्या बागा मागे पडतात, साग दिसू लागतो आणि रस्ता वळसे घेत वर चढतो. या वळणांच्या घाटाला लोक सात पायरीचा घाट म्हणतात. तरुणांना तो सहलीचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. ज्यांना वाहन लागते त्यांना तो कधी संपेल असे होते.

एक गोष्ट कागदावर नसते, ती आपण तारखेवरून ताडून पाहावी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. त्या दिवसांत पुलाच्या अलीकडेपलीकडे वाहने तासन्‌तास खोळंबू शकतात. महाशिवरात्रीला तोरणमाळलाच गोरक्षनाथांची यात्रा असते आणि घाटात गाड्यांची रांग लागते. देवदर्शनाची ओढ समजू शकते, पण वृद्ध माणसाला घेऊन त्या दिवशी जाऊ नये. सहलीची तारीख या दोहोंच्या जवळपास असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहावी. पावसाळ्यात तोरणमाळ अतिशय देखणे असते, परंतु धुके, निसरड आणि घाटात कोसळणारे दगड यांमुळे ती वेळ आपल्या वयाची नव्हे.

वर पोहोचल्यावर काय आहे? मायने पहिल्या वेळी हाच प्रश्न विचारला होता, अहिराणीत: ‘तठे काय शे?’ उत्तर असे. मध्यभागी यशवंत तलाव, चहूबाजूंनी डोंगर आणि पाण्यावर सकाळची वाफ. तलावाचा काठ बराचसा सपाट आहे; गाडी जवळपर्यंत जाते. गोरक्षनाथांचे मंदिर आहे. मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे. तिची वाट मात्र सपाट नाही. सीताखाई नावाची खोल दरी आहे, तिच्यात पावसाळ्यात धबधबा कोसळतो. थंडीत पाणी आटते, पण दरीचे रूप पाहण्यासारखे असते. जमीन खडकाळ, पाय जपून टाकावा लागतो. भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे आहेत. तोरणाच्या झाडांवरून या जागेला तोरणमाळ नाव पडले असे सांगतात. नवनाथांची नावे लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या पिढीला या जागेचे आकर्षण का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. तलाव आणि त्याचा काठ बसल्या जागी मिळतो. गुंफा आणि दरीचा कडा यांसाठी चालावे लागते. म्हणजे तोरणमाळला जाण्यासाठी डोंगर चढता आलाच पाहिजे असे नाही. आम्ही पहिल्या वेळी हे समजूनच घेतले नाही. ‘मायला चढवेल का?’ एवढ्यावर घरात आठवडाभर खल केला; आणि जे खरोखर विचारायला हवे होते ते कोणीच विचारले नाही.

त्या दिवशी काय झाले ते सांगते. बस सहाऐवजी पावणेसातला निघाली. वाटेत एकदाच थांबली, शहाद्याच्या अलीकडे, एका हॉटेलापाशी. तिथले शौचालय खाली बसायचे होते आणि दारात ओल होती. माय दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ‘लागली नाही’ म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. तोरणमाळला पोहोचायला साडेदहा झाले. मार्गदर्शक उत्साही होता. त्याने सगळ्यांना गोळा करून थेट सीताखाईकडे नेले. ‘ज्यांना बसायचे त्यांनी इथे बसा, मी माणूस ठेवतो’ असे कोणी म्हणाले नाही. एकटे मागे राहायचे कोणाला बरे वाटते? माय काठी टेकत सगळ्यांच्या मागे गेल्या. परत आल्यावर जेवण झाले. भाकरी, शेवेची भाजी, वरणभात, गोड शिरा. जेवून त्या उठल्या, दोन पावले टाकली आणि त्यांचा तोल गेला. मी हात धरला म्हणून डोके दगडावर आपटले नाही. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. साखर-मीठ-लिंबाचे पाणी घोट घोट पाजले, पाय उंच करून निजवले, अर्ध्या तासाने डोळ्यांत तेज आले. घरी परतल्यावर अंथरूण आवरताना उशीखाली सकाळची लघवीची गोळी सापडली. विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी पानीच पिधं नही.’ आदल्या संध्याकाळपासून. बसमध्ये लघवी लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितले. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. अंगात पाणी कमी असले तरी घसा सांगत नाही. त्यात पाणी मुद्दाम टाळले तर रक्तदाब उभे राहताना झपाट्याने खाली येतो. शिवाय भरपेट जेवणानंतर रक्ताचा ओघ पोटाकडे वळतो, आणि उतारवयात जेवणानंतरच्या तास-दोन तासांत रक्तदाब आणखी उतरू शकतो. तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या. डोंगराचा यात काही दोष नव्हता. दोष शौचालयाच्या दारातल्या ओलीचा होता, आणि ती ओल पाहूनही पुढचा प्रश्न न विचारणाऱ्या माझा.

आमच्या घरात मात्र निष्कर्ष वेगळाच निघाला: ‘आता मायला कुठे न्यायचे नाही.’ तीन वर्षे तो पाळला गेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा दिवस असतो, आणि त्या दिवसानंतर वृद्ध माणसाचे जग अंगण, देवघर आणि दवाखाना एवढेच उरते. काळजी पोटीच घडते हे. पण मायच्या तोंडून या तीन वर्षांत त्या भोवळीबद्दल मी एकदाही ऐकले नाही. शेजारणी आल्या की त्या सांगत आल्या ते तलावावरच्या वाफेबद्दल. पाणी गरम नसूनही वाफ कशी निघते, याचे त्यांना अजून नवल वाटते.

म्हणून यंदा कागद आल्यावर आम्ही प्रश्न बदलले आहेत. पाण्याचा आणि लघवीचा प्रश्न सर्वांत आधी. आपल्याकडे हा विषय चारचौघांत काढत नाहीत. सहलीची आखणी करणारे बहुधा तरुण पुरुष असतात, त्यांना तो सुचतही नाही. आपण काढावा. फोन करून सरळ विचारावे: वाटेत किती ठिकाणी थांबणार, दोन थांब्यांमध्ये किती वेळ, तिथे शौचालय कसले, खुर्चीसारखे कमोड कुठे आहे का? दीड तासाहून अधिक अंतर असेल तर मधे एक थांबा मागावा. गुडघे वाकत नसतील तर घडीची कमोड खुर्ची औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. ती बसच्या मागे मावते, आणि आडोशाला एक जुनी साडी पुरते. हसू नका. या एका खुर्चीने आणि साडीने किती आजींना पाणी पिण्याची हिंमत येईल, याचा विचार करा. ज्यांना थेंब थेंब गळण्याचा त्रास आहे त्यांनी मोठ्यांचे डायपर प्रवासापुरते वापरण्यात कमीपणा मानू नये.

लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण ती लपवणाऱ्या माय एकट्या नाहीत. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सुमारे सहा तास टिकतो. सकाळी घेतली तर बसमध्ये हाल, न घेतली तर पायाची सूज आणि हृदयावरचा भार. यातून मार्ग आहे, पण तो आपल्या मनाने काढायचा नाही. सहलीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटून विचारावे, ‘त्या एका दिवशी वेळ पुढेमागे करता येईल का?’ काहींना येते, काहींना येत नाही. हृदय कमजोर असलेल्यांना पाणीही मोजूनच प्यायला सांगितलेले असते. त्यांनी दिवसाचे ते प्रमाण बाटलीत भरूनच न्यावे, म्हणजे ना कमी ना जास्त.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारावी. घाटात उलटी होऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून एखादी गोळी सहज आणली जाते. या गोळ्यांपैकी बऱ्याचशा वृद्धांना गुंगी आणतात, कधी भ्रमिष्टासारखे करतात, आणि ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे अशा आजोबांची लघवी अडवू शकतात. वाहन लागणाऱ्यांनी त्यापेक्षा पुढची जागा मागून घ्यावी, नजर लांबच्या डोंगरावर ठेवावी, मोबाइलमध्ये डोके घालू नये आणि निघताना हलके काहीतरी खावे. आपल्या आईआजींनी प्रवासासाठी दशम्या शोधून काढल्या त्या उगीच नव्हेत. दुधात भिजवलेल्या, कमी तेलाच्या, दिवसभर मऊ राहणाऱ्या. तोरणमाळच्या वाटेला दशमीइतके शहाणे खाणे नाही. तेलकट भजी आणि लालभडक रस्सा परतीच्या घाटापर्यंत राखून ठेवू नये.

मधुमेह असलेल्यांनी जेवणाची वेळ विचारून घ्यावी, आणि कागदावरच्या वेळेवर विसंबू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन झाली आणि जेवण दोन तास लांबले, तर साखर खाली येते. खिशात साखरेचे खडे, पिशवीत दशमी, आणि शेजारी बसलेल्याला आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असणे, या तीन गोष्टी पुरेशा आहेत. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या बसच्या डिकीत ठेवू नये.

सहा-सात तास बसमध्ये जातात हेही लक्षात घ्यावे. चार तासांहून लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत एकाच जागी बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बसल्या बसल्या घोटे वरखाली करावेत, थांबा आला की चार पावले चालावे. आणि उठताना एकदम उठू नये. आधी पाय हलवावेत, काठावर बसून दहा आकडे मोजावेत, मग उभे राहावे. मायला हे शिकवताना मी ‘दहा मोजा’ म्हणाले, तर त्या दहा वेळा ‘विठ्ठल’ म्हणू लागल्या. हिशोब तोच.

बसची पायरी उंच असते. ज्यांचे गुडघे धरलेले आहेत त्यांच्यासाठी तिथेच सहल संपते. घरातला लाकडी पाट बरोबर घ्यावा आणि चालकाकडे द्यावा. उतरताना तो आधी खाली ठेवायचा. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, हे आपण अनुभवाने जाणताच. म्हणून दरीकडे जाताना परतीचा विचार करावा.

मार्गदर्शकाला विचारायचा प्रश्न एकच आहे, पण त्याच्या उत्तरावर मी सगळे ठरवीन: ‘जे चालणार नाहीत, त्यांच्याजवळ कोण थांबेल?’ यावर जो चाचरतो, त्याच्या सहलीला नाव देऊ नये. चांगला मार्गदर्शक सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालतो, प्रत्येक थांब्यावर माणसे मोजतो आणि तलावाच्या काठावर बसलेल्यांनाही नाथांची कथा सांगतो. सातपुड्यात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्याला ठाऊक आहे, पण फोन कुठून लागेल हे स्थानिक माणसालाच माहीत असते. वर डॉक्टर भेटतील का आणि नाहीतर घाट उतरून शहाद्यापर्यंत यायला किती वेळ लागेल, हेही त्यालाच विचारावे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. साडेतीनला परत निघणारी बस घाट उजेडात उतरते. पाचला निघणारी अंधारात. कागदावर निघण्याची वेळ असते, परतीला निघण्याची नसते. विचारून घ्यावी.

काहींनी यंदा जाऊ नये, हे मी संकोच न करता लिहिते. गेल्या काही आठवड्यांत ज्यांना हृदयविकाराचा झटका आला, पक्षाघात झाला, मोतीबिंदूची किंवा दुसरी शस्त्रक्रिया झाली. ज्यांना जुलाब किंवा ताप आहे. ज्यांना सपाटीवर चालतानाही धाप लागते. डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याखेरीज त्यांचे नाव देऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांचा निर्णय सर्वांत अवघड. नवी जागा, अनोळखी चेहरे आणि परतीचा अंधार यांनी ते संध्याकाळी अधिक गोंधळतात. चौदा तासांचा दिवस त्यांच्यासाठी फार मोठा आहे. त्यांना न्यायचेच असेल तर खासगी गाडीने, दिवस लहान करून, आणि खिशात घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवून.

आणि ज्यांना जायचेच नाही? त्यांचा नकारही ऐकला पाहिजे. हौशी मुले कधीकधी आईवडिलांना स्वतःच्या समाधानासाठी नेतात. फोटो छान येतात. म्हातारा जीव दिवसभर ‘कधी घरी जाऊ’ म्हणून बसलेला असतो. नकाराचे कारण मात्र एकदा हळूच विचारून पाहावे. ‘मला काय करायचे’ या वाक्यामागे कधी खरोखर अनिच्छा असते, कधी पैशांचा संकोच, आणि पुष्कळदा शौचालयाची भीती. पहिल्याला मान द्यावा. उरलेल्या दोन्हींवर उपाय आहेत. पैशांचे म्हणाल तर एसटीचाही विचार करता येतो. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. एका दिवसात जाऊन येणे त्यात धावपळीचे होते, म्हणून वर मुक्कामाची सोय आधी पाहून ठेवली तर एसटीचा प्रवास सहलीच्या बसपेक्षा सुखाचा होऊ शकतो.

ठरत नसेल तर रंगीत तालीम करावी. आमच्याच तालुक्यात मुडावदला तापी आणि पांझरेचा संगम आहे, काठावर कपिलेश्वराचे मंदिर आहे. अर्ध्या दिवसाचे काम. गेल्या पंधरवड्यात आम्ही मायला तिथे नेले. वाहनात किती वेळ बसवते, पाटावरून उतरता येते का, बाहेर पाणी पितात का, परतल्यावर रात्री पाय किती सुजतात, दुसऱ्या सकाळी उठतात कशा, हे सगळे तिथे कळले. घरापासून एवढ्या जवळ की काही बिनसले तर तासाभरात आपल्या अंथरुणावर. माय तिथे दोन पेले पाणी प्याल्या. घडीच्या खुर्चीची पहिली परीक्षाही संगमावरच झाली. जुन्या साडीचा आडोसा धरून मी उभी होते आणि माय आतून मला हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्याच वेळी उठल्या. मुडावदला ज्यांचा जीव रमला त्यांनी तोरणमाळला गेलेच पाहिजे असेही नाही. नदीकाठी शांत बसलेला अर्धा दिवस डोंगरावरच्या धावत्या दिवसापेक्षा कमी नसतो. प्रकाशाला जाऊन आले तरी तापीचे दर्शन होते, आणि घाट चढावा लागत नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण आमच्याविषयी कोणी लिहीत नाही. पहिल्या सहलीत मी तलाव पाहिलाच नाही. मी मायचे पाय, पिशवी, गोळ्या आणि काठी पाहत होते. या वेळी माझी नणंद दोंडाईच्याहून बसमध्ये चढणार आहे. दोघींनी वेळ वाटून घेतली आहे: सकाळचे दोन तास तिचे, दुपारचे दोन माझे. तिच्या वेळात मी सीताखाईच्या कड्यावर जाईन. आपल्याबरोबर दुसरे माणूस येणार नसेल तर मार्गदर्शकाला तासाभरासाठी आपल्या माणसाजवळ कोणी बसवण्याची विनंती करावी. आणि कधीकधी उलटेही करून पाहावे: वृद्ध माणसाला घरी त्याच्या आवडत्या नातवंडाजवळ ठेवून आपण एकटीने जाऊन यावे. त्यात अपराध काही नाही. विसावलेला हात दुसऱ्या दिवशी अधिक हळुवार होतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

नावे गुरुवारपर्यंत द्यायची आहेत. मी आयोजकांना फोन केला. ते गेल्या वेळचे नव्हेत, दुसरे आहेत. थांबे तीन मिळाले: दोंडाईचा, शहादा आणि म्हसावद. परतीला साडेतीनला निघायचे कबूल झाले. काठावर बसणाऱ्यांसोबत तिथलाच एक मुलगा थांबेल, असे मार्गदर्शकाने आपणहून सांगितले. मला विचारावेही लागले नाही. डॉक्टरांनी त्या दिवसापुरती गोळीची वेळ बदलून दिली आहे. माझ्या यजमानांचा जीव अजून धजावत नाही. ‘पुन्हा काही झाले तर?’ असे ते रात्री विचारतात, आणि मी त्यांना काही होणारच नाही असे सांगत नाही, कारण तसे कोणीच सांगू शकत नाही. काय काय होऊ शकते आणि त्या प्रत्येकाला आपण काय करू, एवढे आम्ही दोघांनी एका वहीत लिहून काढले आहे. त्यातले शेवटचे पान कोरे ठेवले. ते मायचे. होय की नाही ते त्यांनी सांगायचे.

आज सकाळी मी अंगणात आले तेव्हा दोरीवर त्यांची जाड शाल उन्हात टाकलेली होती. मी काही विचारण्याआधीच ओट्यावरून आवाज आला, ‘खिडकीनी जागा मन्ही. सांगी दे.’